13 डिसेंबर : पंचविसावा सामना

नागपूर, 13 डिसेंबर

गारठा चांगलाच आहे. कोर्टाचं सिमेंट सकाळी इतकं थंड असतं की पहिली दहा मिनिटं चेंडू धड उसळत नाही. ही तारीख आली की एनबीएमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमधल्या, गोल्डन स्टेट वॉरियर्सचा तो सामना निघतोच. तिकडे 12 डिसेंबर 2015, शनिवारची रात्र. आपल्याकडे 13 तारखेची रविवार सकाळ, म्हणजे तर्री-पोह्याची वेळ. हंगामातले पहिले 24 सामने सलग जिंकलेला संघ पंचविसाव्यात मिलवॉकी बक्सकडून 108-95 असा हरला. आदल्या हंगामाचे शेवटचे सामने धरले तर ती सलग 28 विजयांची माळ होती. गंमत अशी की लॉस एंजेलिस लेकर्सची 33 विजयांची विक्रमी माळही जानेवारी 1972 मध्ये याच बक्सनी तोडली होती.

शिवाजीनगर जिमखान्यावर काय किंवा दुसऱ्या कुठल्या कोर्टावर काय, वॉरियर्स का हरले हा विषय निघाला की दोन उत्तरं तयार असतात. "थकले होते न सर ते," हे एक. "शॉट पडले नाई, बस," हे दुसरं. दोन्ही खरी आहेत, पण दोन्ही अर्धवट. थकवा म्हणजे नेमकं काय होतं, ते कोणी सांगत नाही.

आधी हिशेब. वॉरियर्सनी त्या रात्री 26 थ्री (लांबच्या रेषेबाहेरून टाकलेले, तीन गुणांचे शॉट) टाकले, 6 पडले. म्हणजे 26 शॉटांत 18 गुण. पूर्ण हंगामात त्यांचे 41.6 टक्के थ्री पडले. साधे 40 टक्के धरले तरी 26 मधून दहाच्या वर, म्हणजे सुमारे 31 गुण व्हायला हवे होते. फरक 13 चा, आणि पराभवही बरोबर 13 गुणांनी. हिशेब इतका चपखल बसला की माणूस वही मिटतो. इथंच फसायला होतं. न पडलेला थ्री नुसता तीन गुण खात नाही. तो लांब उसळतो, रिबाऊंड (रिंगवरून उसळून आलेला चेंडू) समोरच्या गार्डच्या हातात जातो, आणि आपले पाच जण बचावात परतायच्या आत चेंडू आपल्या रिंगखाली पोचलेला असतो. शॉट एकाचा चुकतो, भुर्दंड पाचांना.

आता पायांचं. आदल्या रात्री बोस्टनमध्ये बरोबरीमुळे डबल ओव्हरटाइम, म्हणजे दोनदा जादा वेळ, झाला. 48 मिनिटांत दोनदा पाच-पाच मिळवली की 58. आपल्याकडच्या 40 मिनिटांच्या मोजमापात तो जवळजवळ दीड सामना. सामना 124-119 असा जिंकला, स्टीफन करीने 38 गुण केले. क्ले थॉम्पसन घोट्याच्या दुखापतीमुळे त्या दिवशी बाहेर होता, हॅरिसन बार्न्स त्याच्याही आधीपासून. दोघांचा भार उरलेल्यांच्या पायांवर गेला. मग रातोरात बोस्टन ते मिलवॉकी, सुमारे 1,400 किमी. समृद्धी महामार्ग 701 किमीचा आहे, तो नागपूर ते मुंबई आणि परत केला की तेवढं अंतर होतं. विमानाने गेले हे खरं, पण विमानात आखडलेल्या पोटऱ्या सुटत नाहीत. दौऱ्यातला हा सातवा सामना, 30 नोव्हेंबरपासून तेराव्या दिवशी.

शॉटची ताकद गुडघ्यातून आणि कमरेतून येते. मनगट फक्त दिशा देतं. एनबीएची थ्रीची रेषा समोरून 7.24 मीटरवर आहे (आपली 6.75 वर), म्हणजे अर्धा मीटर जास्त. पाय दमले की खेळाडू कमी वाकतो आणि राहिलेली ताकद खांद्यातून लावतो. चेंडूचा कमान-मार्ग चपटा होतो. आता रिंगचा व्यास सुमारे 45.7 सेंमी, चेंडूचा 24. चेंडू 45 अंशांत खाली आला तर त्याला रिंगची वाट 32 सेंमीची मिळते. 30 अंशांत आला तर वाट उरते 23 सेंमीची, म्हणजे चेंडूपेक्षाही अरुंद! मग तो पुढच्या कडेवर आपटतो. म्हणून वहीत नुसतं "चुकला" लिहून भागत नाही. पुढच्या कडेला लागला की मागच्या, की डावी-उजवीकडे, ते लिहायचं. डावं-उजवं हा नेमबाजीचा दोष. एकामागून एक पुढच्या कडेला लागायला लागले तर पाय गेलेत असं समजावं, आणि तंत्रावर न ओरडता खेळाडूला चार मिनिटं बाकावर बसवावं.

पण थकवा बचावात आधी दिसतो, आणि स्कोअरशीटवर त्याचा रकाना नसतो. बक्सच्या ग्रेग मन्रोने 28 गुण केले. मन्रो म्हणजे सहा फूट अकरा इंचांचा, डावखुरा, रिंगकडे पाठ करून खेळणारा जुन्या चालीचा सेंटर. त्याच्यासमोर ड्रेमंड ग्रीन सहा फूट सहा इंचांचा. उंचीतली ही तूट एरवी वॉरियर्स पायांनी भरून काढत. मन्रोला चेंडू मिळायच्या आधीच ग्रीन त्याच्या पुढे येऊन उभा राहायचा, वरून पास आलाच तर मागून दुसरा धावून यायचा. यात दोन माणसं एकाच क्षणी हलावी लागतात. त्यातला एक अर्धा सेकंद उशिरा निघाला की मन्रोची पाठ ग्रीनच्या छातीला लागलेली, आणि चेंडू डी मध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या आखलेल्या जागेत. तिथून पुढे काही करता येत नाही, फाऊल तेवढा करता येतो.

बार्न्सची उणीव इथंही. वॉरियर्सचा तो गाजलेला छोटा पंचक, म्हणजे करी, थॉम्पसन, इग्वोडाला, बार्न्स आणि सेंटरला ग्रीन, बार्न्सच्या आडदांडपणावर उभा होता. मोठ्या माणसाला तो ढकलून धरू शके. तो नसला की स्विच (बचावात आपापला माणूस बदलून घेणं) करताना कुठेतरी एक कच्ची जोडी तयार होते, आणि समोरचा संघ तीच शोधत राहतो.

बक्सचंही श्रेय द्यायलाच हवं. नाहीतर हा नुसता वॉरियर्सचा शोकग्रंथ होईल. जेसन किड तेव्हा त्यांचा प्रशिक्षक. स्क्रीन लागली (चेंडूवाल्याच्या साथीदाराने बचावपटूची वाट अडवली) की त्याचा मोठा खेळाडू मागे न थांबता वर येई आणि दोघे मिळून चेंडूवाल्याला कोंडत. करीला शॉट मिळत नाही, पास द्यावाच लागतो. एरवी वॉरियर्सना हे आवडतंच, कारण ग्रीनला मध्ये चेंडू मिळाला की चार विरुद्ध तीन. पण कोंडणाऱ्याचे हात लांब असले तर पास वरून, फुगवून द्यावा लागतो. तेवढ्या क्षणात कोपऱ्यातला बचावपटू परत जागेवर. जेमतेम 21 वर्षांच्या यानिस अँटेटोकुंपोने त्या रात्री 11 गुण, 12 रिबाऊंड आणि 10 असिस्ट (साथीदाराला गुण मिळवून देणारे पास) केले, कारकिर्दीतला पहिला ट्रिपल डबल, म्हणजे तिन्ही आकडे दोन अंकी. गुण अकराच, पण बाकीच्या दोन आकड्यांत सामना आहे. त्या हंगामात 49 सामने हरलेला हा संघ. एका रात्रीपुरतं मात्र त्यांना काय करायचं ते ठाऊक होतं.

थकव्याचं कारण सगळीकडे चालत नाही, हे 6 मार्च 2016 ने दाखवलं. आपल्याकडे तेव्हा महाशिवरात्र लागत होती. तळाला गेलेल्या लेकर्सनी याच वॉरियर्सना 112-95 असं हरवलं. आधी दोन दिवस पूर्ण विश्रांती होती. तरी 30 थ्रीत फक्त 4 पडले. करी आणि थॉम्पसन मिळून 18 मध्ये 1. त्यात 20 टर्नओव्हर, म्हणजे शॉट न टाकताच चेंडू गमावणं. टर्नओव्हर चुकलेल्या शॉटपेक्षा महाग, कारण चुकलेल्या शॉटचा रिबाऊंड तरी मिळू शकतो. त्या सामन्यात दोष पायांचा नव्हता, चेंडू निष्काळजीपणे फेकण्याचा होता. दोन्ही सामन्यांत धावफलकावर 95 च, पण तालमीला काय घ्यायचं ते अगदी वेगळं. पहिल्यानंतर झोप आणि हलका सराव, दुसऱ्यानंतर तासभर नुसते पास.

आपल्या स्पर्धांत सकाळी साखळी सामना आणि संध्याकाळी बाद फेरी असते. तिथं हीच गोष्ट रोज घडते, फक्त आकडे कोणी लिहीत नाही. दुसऱ्या सामन्यात पहिल्या पाच मिनिटांत तीन थ्री पुढच्या कडेला लागले तर बाहेरून टाकणं थांबवावं, चेंडू आत न्यावा, फ्री थ्रो कमवावेत. फ्री थ्रो 4.6 मीटरवरून आणि उभ्या उभ्या, दमलेल्या पायांना तो परवडतो. बचावात सगळीकडे धावण्यापेक्षा 2-3 झोन, म्हणजे पुढे दोन, मागे तीन आणि प्रत्येकाने आपली जागा राखायची. कोपरे उघडे पडतात, पडू द्यावेत.

मिलवॉकीनंतर वॉरियर्स घरी गेले, तीन दिवस खेळले नाहीत. 16 डिसेंबरला फिनिक्सविरुद्ध 128-103. थॉम्पसन एकटाच 43.