घुंगरमाळांसाठी घरी बनवलेला टंबलर

बैल कमी झाले, ट्रॅक्टर वाढले, तरी आमच्या भोकरदन तालुक्यात ज्याच्या दावणीला जोडी आहे तो पोळ्याला माळा काढतोच. आमच्याकडे आबांच्या वेळच्या धरून दोन-अडीचशे घुंगरं आहेत. चिंच, मीठ, राख, नाहीतर विटकरीची पूड, असंच आजवर चालत आलं. वरचा फुगीर भाग त्यानं चमकतो. पण चिरेच्या कडेला आणि कडीच्या बुडाशी बोट पोचत नाही, तिथलं काळंहिरवं तसंच राहतं. शिवाय विटकरीनं पितळ दरवर्षी थोडं थोडं झिजतं. आबांच्या माळेतली काही घुंगरं त्यामुळेच कागदासारखी पातळ झाली आहेत. ती वाचवायची, हे मनात पक्कं होतं.

मी जालन्यात फिटर आहे. पितळ घासण्याऐवजी घोळवायचं, ही रीत मला काडतुसांच्या पुंगळ्यांवरून कळली. परदेशात नेमबाज झाडलेल्या पुंगळ्या पुन्हा भरतात. त्याआधी त्या टंबलरमध्ये, म्हणजे फिरत्या ड्रममध्ये, मक्याच्या कणसाचा किंवा अक्रोडाच्या कवचाचा भरडा घालून तासन् तास घोळवतात. काही जण पाणी, साबण, चिमूटभर लिंबूसत्त्व आणि स्टेनलेस स्टीलच्या बारीक पिना वापरतात. आपल्याकडे काडतुसं हा शस्त्र कायद्याचा आणि परवान्याचा विषय, तिथं हात घालायचं कारण नाही. पण पितळ ते पितळच.

पिनांचा विचार मी लगेच सोडला. घुंगराला चीर असते, पीन आत गेली की बाहेर येत नाही. आतली गोळी लोखंडी, ती पाण्यात राहिली तर गंजते. म्हणून कोरडा भरडाच बरा. आणि मका तर आमच्या भोकरदन-सिल्लोड पट्ट्यात पोत्यांनी पिकतो, दाणे काढलेली कणसं बांधावर पडलेली असतात. ती कडक उन्हात वाळवून पशुखाद्याच्या भरड गिरणीतून काढली आणि दोन चाळण्यांतून चाळली. पीठ नको, मोठे तुकडेही नकोत. एक-दीड मिलिमीटरची कणी घुंगरात शिरते, आतूनही पुसते आणि हलवलं की चिरेतून गळून जाते.

ड्रमसाठी १६० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घेतला, फूटभर लांब. एका तोंडाला चिकटवलेली टोपी, दुसऱ्याला आट्यांचं झाकण. पीव्हीसी आतून गुळगुळीत असतं, त्यामुळे माल वर चढतच नाही, तळाशी नुसता घसरत राहतो. म्हणून त्याच पाइपच्या तीन पट्ट्या कापून आतून लांबीला समान अंतरावर चिकटवल्या. या पट्ट्या कुणीही टाळू नयेत, अर्धं काम त्याच करतात.

खरा जीव आहे तो वेगात. फार जोरात फिरवलं तर माल भिंतीला चिकटून गोल फिरतो, एकमेकांवर घासत नाही. ती मर्यादा काढता येते. ड्रमचा आतला व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि ४२.३ ला त्यानं भागा. माझ्या पाइपचा आतला व्यास साधारण ०.१५ मीटर, म्हणजे उत्तर आलं मिनिटाला १०९ फेरे. त्याच्या चाळीस ते साठ टक्क्यांत राहायचं.

मोटर भंगारातून घेतली, पाव एचपीची, सिंगल फेज, १४४० फेऱ्यांची. जालन्यात रोलिंग मिलांमुळे भंगाराला तोटा नाही. मोटरवर दोन इंची पुली, रोलरच्या शाफ्टवर बारा इंची. १४४० चे झाले २४०. शाफ्ट २० मिलिमीटरचा, त्यावर रबरी नळी घट्ट चढवून बाहेरचा व्यास ३२ केला. ३२ च्या रोलरवर १६० चा ड्रम म्हणजे पाचास एक, म्हणून ड्रमला मिळाले ४८ फेरे. शेजारी दुसरा रोलर मोकळा, दोन्हींना २०४ नंबरचे ब्लॉक बेअरिंग. फिरता फिरता ड्रम एका बाजूला सरकतो, तिथं अडवायला नायलॉनचं छोटं चाक बसवलं. अँगलच्या सांगाड्याला अर्थिंग दिलं आणि पुलींवरच्या पट्ट्यावर पत्र्याचं आवरण. घरात लेकरं आहेत, आवरणाशिवाय मी बटण दाबलं नसतं.

आबा बाजेवरून सगळं बघत होते. म्हणाले, "राखीनं होतंय की रे, मशीन कामून?" मी त्यांच्याच माळेतलं पातळ घुंगरू त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते उजेडात धरून फिरवलं आणि म्हणाले, "बरं, पण आवाज बदलू देऊ नको."

घुंगरं चामडी पट्ट्यावरून सोडवून आधी कोमट पाण्यात साबण आणि चमचाभर लिंबूसत्त्व घालून दहा मिनिटं बुडवली. जास्त वेळ नको. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्लात फार राहिलं की जस्त निघून जातं आणि वर गुलाबी तांबं दिसू लागतं. शेवटचं पाणी मात्र फिल्टरचं घ्या, आमच्या बोअरचं जड पाणी पितळावर पांढरे डाग ठेवतं. मग उन्हात खडखडीत वाळवायचं, आतली गोळीसुद्धा.

ड्रम भरडा आणि घुंगरं मिळून निम्म्याहून थोडा जास्त भरला. भरड्यात गाडीचं वॅक्स पॉलिश एक चमचा घालून तो आधी रिकामाच फिरवून घेतला. धूळ धरायला जुन्या सुती धोतराच्या चार पट्ट्या टाकल्या. लाइट असेल तेव्हा चार-पाच तास. झाकण उघडलं तेव्हा कडीच्या बुडाशीसुद्धा पिवळं धमक पितळ होतं. आबांनी कानाशी धरून एकेक वाजवून पाहिलं आणि मान डोलावली.

पॉलिश निवडताना डब्यावर अमोनिया नाही ना, हे बघाच. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवली जात आणि त्यांच्या पुंगळ्या आपोआप तडकत. १९२१ साली त्याचा उलगडा झाला: मुतातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळ दाबून घडवताना त्यात राहिलेला ताण. आमची पत्र्याची घुंगरं दाबूनच घडवलेली आणि वर्षभर टांगलेली असायची गोठ्यात. काहींना चिरेच्या टोकापासून केसासारखे तडे आहेत, ते त्यानंच पडले असावेत असं मला वाटतं. ओतीव घंटा त्याच खुंटीवर धड आहेत. आता खांदेमळणीच्या आदल्या दिवसापर्यंत माळा माळवदाच्या खोलीत, कोरड्या पत्र्याच्या पेटीत राहतात.

भरडा काळा पडेपर्यंत पुन्हा पुन्हा चालतो. त्यात पितळेची भुकटी आणि पॉलिश असतं, तेव्हा गोणीवर खडूनं नव्हे, रंगानं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, नाहीतर पेंडीचा समजून कुणीतरी तो गव्हाणीत ओतेल.