काल रात्री बघितलंस का?

लीड्समधल्या ज्या प्रयोगशाळेत मी काम करते, तिथे सोमवारी सकाळी पहिला अर्धा तास कुणी फारसं बोलत नाही. रात्रीची सॅम्पल्स साठलेली असतात, मशीन तपासायची असतात. ६ फेब्रुवारी २०२३ चा सोमवार मात्र वेगळा होता. मी आत शिरले तेव्हा तिघीजणी अजून कोटाची बटणंही न लावता तावातावाने बोलत होत्या. आदल्या रात्री बीबीसी वनवर ‘हॅपी व्हॅली’ या मालिकेचा शेवटचा भाग लागून गेला होता. आमच्यातली वयाने सर्वांत मोठी सहकारी माझ्याकडे वळली आणि तिने विचारलं, "काल रात्री बघितलंस का? तुला काय वाटलं?"

या देशात येऊन मला तेव्हा पाच वर्षं झाली होती. हवा कशी आहे, घरचे बरे आहेत ना, सुट्टीत कुठे जाणार, हे सगळे प्रश्न मला रोज विचारले जायचे. पण तुला काय वाटलं, हे बहुधा पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं, आणि उत्तर ऐकायला तिघीही थांबल्या होत्या.

ज्यांनी बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॅथरीन कॉवूड ही यॉर्कशरमधली पोलीस सार्जंट. तिच्या मुलीवर बलात्कार झाला, त्यातून मूल झालं आणि मुलीने जीव दिला. तो नातू, रायन, कॅथरीन वाढवते आहे. बलात्कार करणारा टॉमी ली रॉयस हाच त्याचा बाप, आणि तो जिवंत आहे. सारा लँकशायर आणि जेम्स नॉर्टन यांनी ही दोन माणसं अशी उभी केली आहेत की त्यांचे चेहरे आठवले की अजून पोटात गोळा येतो. पहिला सीझन २०१४ चा, दुसरा २०१६ चा आणि तिसरा थेट २०२३ चा. मधली सात वर्षं लेखिका सॅली वेनराइट थांबली, कारण तिला रायन मोठा व्हायला हवा होता. बापाबद्दल स्वतः निर्णय घेऊ शकेल एवढा मोठा. दुसरा नट न घेता तोच मुलगा वयात येईपर्यंत तिने वाट बघितली. चॅनेलनेही ते मान्य केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

शेवटच्या भागात पाठलाग होईल, गोळीबार होईल, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात जखमी टॉमी कॅथरीनच्या स्वयंपाकघरात बसलेला असतो आणि ती दोघं बोलतात. त्याने घरातले फोटोंचे अल्बम चाळलेले असतात. आपल्या मुलाचं बालपण चांगलं गेलं हे त्याला त्यातून कळलेलं असतं. एका सहकारिणीचं म्हणणं होतं की सात वर्षं थांबून एवढंच मिळालं. मी म्हटलं, मला तर तेच हवं होतं. त्या माणसाला हरवण्यासाठी कॅथरीनला बंदूक लागली नाही. तिने मूल नीट वाढवलं होतं आणि त्याचा पुरावा अल्बममध्ये होता. दोघी माझ्या बाजूने झाल्या, एक नाही झाली. दुपारच्या सुट्टीतही वाद चालूच होता, आणि त्या वादात मी होते.

एक कबूल करायला हवं, ती मालिका मी सबटायटल्स लावून बघितली. ती जिथे घडते तो हॅलिफॅक्स, हेब्डन ब्रिज हा सगळा कॅल्डर व्हॅलीचा भाग लीड्सहून ट्रेनने तासाभराच्याही आत आहे, पण तिथली बोली माझ्या कानाला दोन वर्षं तरी पकडता आली नव्हती. मालिकांनीच ती शिकवली. मत देण्याची इथली रीतही त्यांच्यामुळेच कळली. यॉर्कशरचा माणूस एखाद्या मालिकेला "नॉट बॅड" म्हणाला तर ती त्याला मनापासून आवडली असं समजायचं. "इट वॉज ऑलराइट" ही तर जवळजवळ शाबासकी. उलट कुणी "इंटरेस्टिंग होतं" म्हणून गप्प बसलं, तर त्याने दुसऱ्या भागातच चॅनेल बदललेलं असतं. सुरुवातीला मला वाटायचं, या माणसांना कशाचं कौतुकच नाही. कौतुक भरपूर होतं, ते कमी शब्दांत बसवलेलं होतं.

टीव्हीबद्दल आपलं मत असायलाच हवं असं इथे लोकांना वाटतं, याचं एक कारण पैशांतही आहे. घरात थेट प्रक्षेपण बघायचं असेल, मग चॅनेल कुठलंही असो, किंवा बीबीसीचं आयप्लेयर हे ऑनलाइन ॲप वापरायचं असेल, तर टीव्ही लायसन्स काढावं लागतं. एप्रिल २०२५ पासून त्याची वर्षाची फी १७४.५० पाउंड होती. नुसतं नेटफ्लिक्स बघणाऱ्याला ते लागत नाही. बीबीसीचा मुख्य खर्च या फीतून चालतो आणि तिच्यावर जाहिराती नसतात. त्यामुळे एखादी मालिका फसली की लोक ‘आमच्या लायसन्सचे पैसे’ असं हक्काने म्हणतात. प्रेक्षकांची पत्रं वाचून दाखवणारा ‘पॉइंट्स ऑफ व्ह्यू’ हा कार्यक्रम बीबीसीने १९६१ मध्ये सुरू केला. चॅनेल फोरवर २०१३ पासून ‘गॉगलबॉक्स’ चालू आहे. त्यात साधी कुटुंबं आपापल्या सोफ्यावर बसून टीव्ही बघतात आणि आपण ती बघताना त्यांना बघायचं. एका घरातली माणसं ज्या प्रसंगाला डोळे पुसतात, त्याच प्रसंगाला दुसऱ्या घरात कुणीतरी "मला नाही पटलं" म्हणतं. दोन्ही खरं असतं. हा कार्यक्रम मला ऐकल्यावर विचित्र वाटला होता, आता शुक्रवारी तो चुकवत नाही.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. इथली मालिका संपते. चार भाग, सहा भाग, फार तर आठ. ‘कोरोनेशन स्ट्रीट’ १९६० पासून आणि ‘ईस्टएंडर्स’ १९८५ पासून चालू आहे, नाही असं नाही, पण त्यांच्याबद्दल लोक नातेवाइकांबद्दल बोलावं तसं बोलतात, ‘आता तिने असं केलं’ एवढंच. मत बनायला गोष्टीला शेवट लागतो. आपल्याकडे मी वर्षानुवर्षं चालणाऱ्या मालिका आईबरोबर बघितल्या आहेत आणि त्यांतल्या काही नट्यांचं काम अप्रतिम होतं. पण ‘ही गोष्ट तुला कशी वाटली’ याचं उत्तर मी कधीच देऊ शकले नाही, कारण गोष्ट कधी हातात पुरी आलीच नाही. ‘फॉल्टी टॉवर्स’चे १९७५ आणि १९७९ मिळून फक्त बारा भाग आहेत. बारा! आणि त्यांच्याबद्दल लोक अजून भांडतात.

विनोदी मालिका मला गंभीर मालिकांपेक्षा कितीतरी उशिरा कळल्या. दुःख कुठल्याही भाषेत चेहऱ्यावर दिसतं, विनोदाला मात्र शब्दामागचं गाव माहीत असावं लागतं. मला दार उघडून दिलं ते ‘डिटेक्टरिस्ट्स’ने. दोन मित्र मेटल डिटेक्टर घेऊन शेतांतून फिरतात, जुनं सोनं सापडेल या आशेने, आणि बहुतेक वेळा सापडतात ती डब्यांची झाकणं. ती लिहिली आणि दिग्दर्शित केली मॅकेन्झी क्रूकने, तो स्वतःच त्यातला एक मित्र आहे. दुसरा टोबी जोन्स. कुणी कुणाला हिणवत नाही, कुणी मोठ्याने हसायला लावत नाही. तीन सीझन संपले तेव्हा मला त्या दोघांची काळजी वाटायला लागली होती.

‘गॅव्हिन अँड स्टेसी’ मी शेजारच्या आजींकडे बघितली, २५ डिसेंबर २०२४ च्या रात्री. एसेक्समधला मुलगा, वेल्समधल्या बॅरीची मुलगी, लग्नामुळे एकमेकांना चिकटलेली दोन कुटुंबं. व्याही-विहिणींचा मामला असल्याने समजायला मला काहीच अडचण आली नाही. २०१९ च्या नाताळात या मालिकेचा एक खास भाग लागला होता. त्याच्या अगदी शेवटी स्टेसीची मैत्रीण नेसा गुडघ्यावर बसून गॅव्हिनच्या मित्राला, स्मिदीला, लग्नाचं विचारते, आणि भाग तिथेच संपतो. उत्तरासाठी प्रेक्षक पाच वर्षं थांबले. आजींचा मुलगा, सून, नातवंडं सगळी जमली होती आणि खोलीत उघड दोन पक्ष होते. आजींचं मत ठाम होतं, स्मिदी नेसाच्या लायकीचा नाही, तिने बोटीवर निघून जावं. सून म्हणत होती, एवढं सगळं होऊन दोघं एकत्र आली नाहीत तर मी टीव्ही बंद करीन. शेवटी दोघांचं लग्न लागलं. सून रडली, मीही रडले. आजी म्हणाल्या, "ऑलराइट, आय सपोज." त्या रात्री मला घरी सोडायला दारापर्यंत आल्या तेव्हा त्यांचे डोळेही कोरडे नव्हते, पण मत त्यांनी आजतागायत बदललेलं नाही.

प्रेक्षकांच्या मतात किती जोर असतो हे मी बघितलं ते २०२४ च्या जानेवारीत. नव्या वर्षाच्या पहिल्या चार रात्री आयटीव्हीवर ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’ लागली. पोस्ट ऑफिसविरुद्ध लढणाऱ्या ऍलन बेट्सचं काम करणारा नट म्हणजे माझा ‘डिटेक्टरिस्ट्स’मधला टोबी जोन्स, म्हणून मी बसले. नंतर उठताच आलं नाही. गोष्ट खरी आहे. ब्रिटनमधली बरीचशी पोस्ट ऑफिसं सब-पोस्टमास्टर स्वतः चालवतात, अनेकदा आपल्या दुकानातच. १९९९ पासून त्यांना फुजित्सूची ‘होरायझन’ ही संगणकप्रणाली दिली गेली. ती हिशेबात नसलेली तूट दाखवायची आणि दोष पोस्टमास्टरच्या माथी यायचा. नऊशेहून अधिक जणांवर चोरी, खोटे हिशेब असे गुन्हे शाबीत झाले. काही तुरुंगात गेले, काहींनी घरं विकून न झालेली तूट भरली, काहींनी जीव दिला. सीमा मिश्रा यांना २०१० मध्ये तुरुंगात पाठवलं तेव्हा त्या गरोदर होत्या.

यातलं काहीच नवीन नव्हतं, हे मुद्दाम सांगते. ‘कम्प्युटर वीकली’ने २००९ मध्ये हे छापलं होतं. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने होरायझनमधल्या चुका मान्य केल्या होत्या. २०२१ मध्ये अपील न्यायालयाने एकाच दिवशी ३९ जणांची शिक्षा रद्द केली होती. तरी देश ढवळून निघाला तो चार रात्रींच्या मालिकेने. पोस्ट ऑफिसच्या माजी प्रमुख पॉला व्हेनेल्स यांचा सीबीई किताब काढून घ्या, या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. ९ जानेवारीला त्यांनी तो परत करत असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी कायद्याची घोषणा केली आणि २४ मे २०२४ ला तो कायदा झाला, शेकडो लोकांवरचे डाग एका फटक्यात पुसणारा.

आमच्या भागातलं छोटं पोस्ट ऑफिस एक गुजराती बाई चालवतात. त्या आठवड्यात मी पार्सल घेऊन रांगेत होते. माझ्या पुढचे गृहस्थ साठीचे असतील, एरवी मान हलवण्यापलीकडे न बोलणारे. त्यांनी तिकिटं घेतली, पैसे दिले आणि काउंटरवर हात ठेवून म्हणाले, "आम्ही बघितली ती मालिका. तुम्हा लोकांचं फार वाईट झालं." बाईंच्या बाबतीत तसं काही घडलेलं नव्हतं, तरी त्या "थँक यू" म्हणाल्या आणि काही क्षण त्यांना पुढच्या माणसाला बोलावता आलं नाही. पुढचा माणूस मी होते.

आता ज्या मालिकेमुळे हे सगळं लिहायला बसले तिच्याबद्दल. ‘ऍडोलसन्स’ मार्च २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. चारच भाग, प्रत्येक भाग एका सलग शॉटमध्ये चित्रित केलेला, मध्ये एकही कट नाही. तेरा वर्षांच्या जेमीला वर्गातल्या मुलीच्या खुनाबद्दल पोलीस पहाटे घरातून उचलतात. ओवेन कूपर या मुलाचं हे पहिलंच काम, आणि त्याला वयाच्या पंधराव्या वर्षी एमी पुरस्कार मिळाला. खून त्याने केला का, हे पहिल्या भागाच्या शेवटीच कळतं. उरलेले तीन भाग विचारतात की असं का झालं, आणि सोपं उत्तर देत नाहीत. इथल्या माध्यमिक शाळांना ती फुकट दाखवायची सोय झाली, संसदेत तिच्यावर प्रश्न आले.

आमच्या लॅबमध्ये या वेळीही मत सहज जुळलं नाही. जिला ‘हॅपी व्हॅली’चा शेवट आवडला नव्हता, तिनेच मुद्दा काढला: मेलेली मुलगी, केटी, कुठे आहे? चार तास आपण त्या मुलाच्या आणि त्याच्या बापाच्या मनात फिरतो, केटीच्या घरात एकदाही जात नाही. मी म्हटलं, दुसऱ्या भागात ती पोलीस बाई हेच बोलून दाखवते, की जेमी सगळ्यांच्या लक्षात राहील आणि केटी कुणाच्या राहणार नाही. त्यावर ती म्हणाली, "बोलून दाखवलं म्हणजे भरपाई झाली का?" मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही, आणि मालिका मला तेवढीच आवडते.

धाकट्या बहिणीला मी आल्या आल्याच सांगितलं होतं, ही बघ. तिचा मुलगाही तेराचा. तिसऱ्या भागानंतर तिचा मेसेज आला की आता पुढे बघवत नाही. चौथ्यात जेमीचा बाप पन्नासाव्या वाढदिवसाच्या दिवशी मुलाच्या रिकाम्या खोलीत जातो. तो प्रसंग तिने महिनाभराने, एकटीने बघितला आणि मग मला फोन करून एक तास बोलली. आपण मुलाच्या खोलीचं दार लावून घेऊन तो घरातच आहे म्हणून निश्चिंत असतो, त्याच्याबद्दल. तिचं मत इथल्या कुणाहीपेक्षा वेगळं होतं. तिला जेमीपेक्षा त्याच्या मोठ्या बहिणीची काळजी वाटत होती, जिच्याकडे कुणाचं लक्षच नाही.

गेल्या रविवारी मी फोन केला तर ती कुजबुजत्या आवाजात म्हणाली, "पुन्हा पहिल्यापासून लावलंय, या वेळी तोही बसलाय शेजारी. मध्ये थांबवायचं नाही म्हणतोय, सलग आहे म्हणून. नंतर बोलते, ताई." आणि तिने फोन ठेवला.