नऊ महिन्यांचं विद्यापीठ, बारा महिन्यांचं भाडं

सोमवार

पुढच्या शिक्षणासाठी परदेशातल्या विद्यापीठाच्या गावी जायचं की नाही, हा प्रश्न बहुतेक जण विद्यापीठाच्या नावापासून सोडवायला घेतात. आज तो दुसऱ्या टोकाकडून मांडून पाहते. विद्यापीठाचं वर्ष साधारण नऊ महिन्यांचं असतं, घरमालकाचं बारा. मधल्या तीन महिन्यांत कुठे राहायचं, काय खायचं आणि काम कोणाबरोबर करायचं, याचं उत्तर मिळालं की निम्मा निर्णय होतो.

ऑफर लेटर, म्हणजे प्रवेश देऊ करणारं पत्र, हातात आलं की रकमेच्या आधी महिने शोधावेत. अध्यापन साहाय्यकाचं, म्हणजे शिकवण्यात मदत करणाऱ्या विद्यार्थ्याचं, विद्यावेतन पुष्कळ ठिकाणी नऊ महिन्यांचंच असतं. उन्हाळ्याचं काम वेगळं मागावं लागतं आणि ते दरवर्षी मिळेल याची हमी नसते. समजा, महिन्याला १०० मिळतात आणि खोलीचं भाडं ३५ आहे. मनातला हिशेब सांगतो की दरमहा ६५ उरतील. कागदावर मांडलं तर वर्षाचे मिळाले ९००, बारा महिन्यांचं भाडं ४२०, उरले ४८०. म्हणजे दरमहा ४०. या ६५ आणि ४० मधल्या फरकातच पहिल्या वर्षाची सगळी ओढाताण असते.

त्या ४० मधूनही काही जातं. ‘शिक्षणशुल्क माफ’ म्हणजे सगळं माफ नव्हे. आरोग्य विमा आणि विद्यार्थी सेवांची फी यांचं बिल सत्राच्या सुरुवातीला वेगळं येऊ शकतं. विद्यावेतनावर कर लागतो का आणि तो आधीच कापून देतात की वर्षाअखेरीस आपण भरायचा, हेही विचारून घ्यावं. कापला नसेल तर दरमहा बाजूला काढावा लागतो. ही गोष्ट पहिल्या वर्षी हमखास राहून जाते, आणि कळते तेव्हा रक्कम एकदम मोठी झालेली असते.

आता सुरुवातीचे पैसे. अनामत ३५ आणि पहिल्या महिन्याचं भाडं ३५, दोन्ही किल्ली घेतानाच द्यायचे. पहिलं विद्यावेतन सहाव्या आठवड्यात आलं तर दुसऱ्या महिन्याचेही ३५ आपल्याच खिशातले. शिवाय दीड महिन्याचा खर्च ६० धरू. एकूण १६५. गादी, टेबल, प्रवास यात धरलेलंच नाही. फंडिंग भक्कम असूनही पहिल्या सत्रात उसनवारी होते ती यामुळे. विद्यापीठ पहिल्या महिन्यात उचल देतं का, हे विभागाच्या कार्यालयाला थेट विचारावं. पुष्कळ ठिकाणी अशी सोय असते, पण कुणी आपणहून सांगत नाही.

विद्यावेतन नसलेल्या एक-दोन वर्षांच्या मास्टर्सला हे गणित वेगळं मांडावं लागतं. तिथे १०० च्या जागी शून्य लिहून सुरुवात करायची, आणि कर्जाचा पहिला हप्ता कधी सुरू होतो ती तारीख शेजारी लिहायची.

मंगळवार, रात्री

खोलीबद्दल. विद्यापीठाच्या गावात खोल्यांचा तुटवडा काही आजचा नाही. १२०९ मध्ये ऑक्सफर्डच्या गावकऱ्यांशी भांडण होऊन काही अभ्यासक केंब्रिजला आले. पुढे १२३१ मध्ये राजा तिसऱ्या हेन्रीला फर्मान काढावं लागलं की विद्यार्थ्यांच्या घरांचं भाडं विद्यापीठाचे दोन मास्टर (अध्यापक) आणि गावातले दोन भले गृहस्थ यांनी मिळून ठरवावं. आठशे वर्षं होत आली तरी भाडं हा विद्यापीठाच्या गावातला मुख्य विषय आहेच. शेकड्यांनी माणसं एकाच आठवड्यात येतात, एकाच आठवड्यात जातात, आणि सगळ्यांना चालत जाता येईल एवढ्याच अंतरावर घर हवं असतं.

त्यामुळे अशा गावात भाडेकरार सहा-आठ महिने आधीच होऊन जातात. प्रवेशाचा निर्णय वसंतात कळतो आणि चांगल्या खोल्या त्याआधीच्या हिवाळ्यातच गेलेल्या असतात. नव्याने येणाऱ्याला उरलेलंच मिळतं. म्हणून पहिल्या वर्षापुरतं विद्यापीठाचं वसतिगृह मागावं असं माझं ठाम मत आहे, थोडं महाग पडलं तरी. दोन कारणं. करार बहुधा सत्राला धरून असतो, आणि गाव न पाहता वर्षभराच्या सहीत अडकावं लागत नाही. वसतिगृहाच्या अर्जाची तारीख प्रवेशाच्या तारखेपेक्षा वेगळी असते, ती आजच शोधायची. सुट्टीत खोली रिकामी करायला लावतात का, हेही त्याच वेळी बघायचं.

बाहेर खोली घ्यायचीच असेल तर करारातली तीन कलमं बोट ठेवून वाचावीत. पहिलं, भाड्याची जबाबदारी. चौघांनी मिळून घर घेतलं आणि करारात प्रत्येक जण पूर्ण भाड्याला जबाबदार असं लिहिलं असेल, तर एक जण डिसेंबरात अभ्यास सोडून गेल्यावर त्याचा हिस्सा उरलेल्या तिघांच्या डोक्यावर येतो. खोलीगणिक वेगळा करार मिळत असेल तर तो घ्यावा. दुसरं, पोटभाडेकरू ठेवायची परवानगी. लेखी हवी, ‘बघू तेव्हा’ चालणार नाही. आणि परवानगी मिळाली तरी उन्हाळ्यात अख्खं गाव एकाच वेळी पोटभाडेकरू शोधत असतं, म्हणून पूर्ण भाडं वसूल होईल असं धरूच नये. निम्मं धरावं. तिसरं, जामीनदार. काही मालकांना त्याच देशातला जामीनदार लागतो, आणि परक्या ठिकाणाहून आलेल्या मुलाला तो आणायचा कुठून? यावर कधी विद्यापीठ स्वतः जामीन राहतं, कधी जास्त अनामत घेऊन मालक तयार होतो.

न पाहिलेल्या खोलीसाठी घाईघाईने पैसे पाठवू नयेत. भाडं आसपासच्या दरांपेक्षा बरंच कमी, मालक ‘सध्या परदेशात’, किल्ली टपालाने येणार, पैसे आजच हवेत: हे चार एकत्र दिसले की तिथेच थांबावं. कुणातरी चालू विद्यार्थ्याला घरी जाऊन व्हिडिओ कॉल करायला सांगावं. नळ सोडून, खिडकी उघडून, हीटर चालू करून दाखवायला सांगावं. राहायला गेल्यावर सामान लावायच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला ईमेल करावेत. अनामत परत मिळण्याची वेळ येते तेव्हा हाच एक पुरावा असतो.

गुरुवार

संशोधनाला जाणारा माणूस विद्यापीठात कमी आणि एका मार्गदर्शकाच्या वेळापत्रकात जास्त राहतो. इथेही नऊ आणि बारा आहेच. अमेरिकेत प्राध्यापकांचा पगारही बहुधा नऊ महिन्यांचा असतो. उन्हाळ्याचा पगार ते संशोधन अनुदानातून काढतात. म्हणजे प्रयोगशाळेला अनुदान असेल तर उन्हाळा हाच कामाचा खरा मोसम. अनुदान नसेल तर मार्गदर्शक बाहेरगावी, विद्यार्थी रिकाम्या इमारतीत.

म्हणून विचारायचं ते हे. अनुदान कोणत्या वर्षी संपतं? सबॅटिकल, म्हणजे शिकवण्यातून मिळणारी लांब रजा, कधी आहे? परंपरेने ती सातव्या वर्षी येते, आणि नेमकी आपल्या विषय-निश्चितीच्या वर्षी आली तर सगळं वर्षभर पुढे सरकतं. याआधीच्या पाच विद्यार्थ्यांना पदवीला प्रत्येकी किती वर्षं लागली, आता ते कुठे आहेत? आणि कितीजण मध्येच सोडून गेले? शेवटचा प्रश्न विचारायला जड जातो, तरी विचारावाच. विभाग देतो ती सरासरी पदवी पूर्ण करणाऱ्यांचीच असेल, तर सोडून गेलेले त्यात दिसतच नाहीत.

उत्तरं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून घेऊ नयेत. तो अजून आनंदात असतो. चौथ्या-पाचव्या वर्षाचा शोधावा, आणि ईमेलऐवजी फोन करावा. मार्गदर्शकाविरुद्ध कुणी लिहून देत नाही, पण ‘प्रबंधाचं लिहिलेलं प्रकरण तपासून किती दिवसांनी परत येतं?’ या साध्या प्रश्नावर पलीकडचा माणूस किती वेळ गप्प राहतो ते फोनवर कळतं.

त्याच विभागात ज्यांच्याकडे काम करता येईल असं दुसरं कुणी आहे का, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मार्गदर्शक नोकरी बदलतात, आजारी पडतात, निवृत्त होतात, कधी स्वभाव जुळत नाही. मोठ्या शहरात शेजारच्या संस्थेत जाता येतं. विद्यापीठाच्या गावात दुसरी संस्थाच नसते. एकाच नावासाठी गाव बदलायचं असेल तर अशा जागेला नाही म्हणावं, नाव कितीही मोठं असो.

शनिवार

गाव न बदलता रोज जाऊन-येऊन केलं तर? एका बाजूला दीड तास धरला, आठवड्यात चार दिवस, वर्षाचे तीस आठवडे, तर ३६० तास. चाळीस तासांचा आठवडा धरला तर नऊ आठवडे रस्त्यावर. गाडीत वाचता येतं हे खरं, पण संध्याकाळची व्याख्यानं आणि त्यानंतरची चर्चा सुटते, आणि ओळखी तिथेच होतात. रात्री अकराला नमुना काढायचा असेल तर प्रश्नच मिटला: प्रयोगशाळेचं काम असणाऱ्याने चालत वीस मिनिटांच्या आत राहावं. अभिलेखागारात किंवा क्षेत्रकार्यावर काम असणाऱ्याला मात्र वर्गातला अभ्यासक्रम संपल्यावर गावात राहायची फारशी गरज उरत नाही. त्याने दोन वर्षांपुरतंच जायचा विचार करावा.

नियमही तपासावेत. पूर्णवेळ पदव्युत्तर विद्यार्थ्याने केंब्रिजमध्ये ग्रेट सेंट मेरीज चर्चपासून १० मैलांच्या आत राहायचं असतं, ऑक्सफर्डमध्ये कारफॅक्स चौकापासून २५ मैलांच्या आत. सवलत मागता येते, पण आधी.

गाव पाहायला जमलं तर विभागाने पाहुण्यांसाठी सजवलेल्या दिवसांना धरून एक साधा दिवस जास्त राहावं. रात्री नऊला ग्रंथालयातून घरापर्यंत चालून बघावं. जमलं नाही तर बसचं सुट्टीतलं वेळापत्रक उघडावं. सत्रात दर दहा मिनिटांनी धावणारी बस सुट्टीत तासाला एक होते, रविवारी कधी मुळीच नसते. उजेडही बघावा. स्वीडनमधल्या उप्सालाच्या विद्यापीठाला १४७७ पासूनचा वारसा आहे, पण डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. काहींना त्याचं काही वाटत नाही, काहींची झोप आणि मन दोन्ही बिघडतात. आपण कोणत्या प्रकारातले, ते स्वतःला खरं सांगावं.

जोडीदार बरोबर येणार असेल तर त्याच्या किंवा तिच्या कामाचा कागद वेगळा करावा. एकच मोठा मालक असलेल्या गावात दुसरी नोकरी मिळायला वर्ष लागू शकतं, आणि व्हिसावर काम करायची मुभा आहे का हा प्रश्न त्याच्याही आधीचा.

रविवार

तारखा. अमेरिकेतल्या पुष्कळ विद्यापीठांनी मान्य केलेल्या, ‘कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स’ या पदव्युत्तर शिक्षणसंस्थांच्या संघटनेच्या ठरावानुसार आर्थिक साहाय्यासह आलेल्या ऑफरला १५ एप्रिलच्या आधी उत्तर द्यायचं बंधन विद्यार्थ्यावर नसतं. आधीच्या तारखेची घाई कुणी केली तर त्या विद्यापीठाचं नाव ठराव मानणाऱ्यांच्या यादीत आहे का ते पाहावं आणि नम्रपणे मुदत मागावी. इतर देशांत तारीख पत्रातच असते.

वर्षभर थांबायचं असेल तर दोन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात: प्रवेश पुढे ढकलता येईल का, आणि विद्यावेतनही येईल का? पहिल्याला होकार आला म्हणजे दुसऱ्याला आला असं नाही. दोन्ही उत्तरं लेखी घ्यावीत.

नकार कळवायचा असेल तर तो ठरल्याच्या दिवशीच कळवावा. दोन ओळी पुरतात. प्रतीक्षायादीवर कुणीतरी आहे, त्यालाही खोली शोधायची आहे.

होकार असेल तर उत्तर पाठवायच्या आधी एक कोरा कागद घेऊन बारा महिने उभे लिहावेत. प्रत्येकासमोर येणारे पैसे, जाणारे पैसे, झोपायची जागा आणि त्या महिन्यात मार्गदर्शक गावात आहे का. जुना करार संपून नवा सुरू होईपर्यंत तीन-चार दिवस बहुतेक वेळा मोकळे पडतात, तेही त्यात लिहावेत. त्या दिवसांत सामान कुठे ठेवायचं, ते ज्या चालू विद्यार्थ्याला फोन केला त्यालाच विचारावं; त्याच्यावर ती वेळ येऊन गेलेली असते.