‘फक्त तूर’ या व्याख्येचा अर्थ मला कसा उमगला

परभणीत पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी आमच्या भागातील पिकांची ऑन्टॉलॉजी, म्हणजे संकल्पना आणि त्यांच्यातील संबंध यांची संगणकाला कळेल अशी मांडणी, ‘आउल’ (OWL) या भाषेत लिहायला घेतली. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने २००४ साली ही भाषा प्रमाणित केली आणि २००९ मध्ये ‘आउल २’ आली. अशा व्याख्या लिहिण्याचे प्रोटेजे हे सॉफ्टवेअर आठवड्याभरात अंगवळणी पडले, पण आपण लिहिलेल्या व्याख्येचा नेमका अर्थ काय होतो, हे कळायला दोन महिने गेले.

‘निव्वळ तुरीचे शेत’ म्हणजे ज्या शेतातील पीक फक्त तूरच असते ते, अशी व्याख्या मी केली. ती आधी चुकून ‘उपवर्ग’ या रकान्यात लिहिली होती. तेथील अट केवळ आवश्यक ठरते, पुरेशी नव्हे, म्हणजे ती पूर्ण करणारे शेत आपोआप त्या वर्गात येत नाही, म्हणून ती ‘समतुल्य’मध्ये हलवली. मग एका शेतात तूर असल्याची नोंद करून रीझनर, म्हणजे व्याख्यांवरून निष्कर्ष काढणारा प्रोग्राम, चालवला, तरी ते शेत त्या वर्गात आले नाही. तूर आहे एवढेच मी सांगितले होते. दुसरे काही नाही, असे कुठेही सांगितले नव्हते. डेटाबेसमध्ये नोंद नाही म्हणजे ती गोष्ट नाही, असे आपण धरून चालतो, येथे मात्र न लिहिलेले अज्ञातच राहते. तुरीच्या ओळींमध्ये सोयाबीन घेणाऱ्या आमच्या मुलखात ही सावधगिरी मला फार मोलाची वाटते.

खरा धक्का पुढे बसला. ज्यात कोणतेही पीक नाही असे मी स्पष्ट लिहिले होते, ते पडीक शेत मात्र ‘निव्वळ तुरीचे’ ठरले. वडिलांना दाखवले तेव्हा ते म्हणाले, “अगं, पडीक रानात तूर कुठून आली?” त्यांच्या प्रश्नावर विचार करताना उलगडले की ‘फक्त’ ही अट तूर आहे असे म्हणतच नाही, तुरीखेरीज काही नाही एवढेच म्हणते, आणि जेथे पीकच नाही तेथे ती मोडणारेही काही नसते. आपण ‘फक्त तूर पेरली’ म्हणतो तेव्हा पेरणी झाल्याचे त्यात आलेच. तर्कभाषेत ते वेगळे लिहावे लागते. म्हणून ‘किमान एक पीक तूर आहे’ ही अट जोडली.

एक गाठ उरली होती. ‘निव्वळ’ म्हणून नोंदवलेल्या एका शेतात सोयाबीनही होते, तरी रीझनरने तक्रार न करता त्या सोयाबीनलाच तूर ठरवले, कारण ही दोन पिके भिन्न आहेत हे मी त्याला सांगितलेच नव्हते. दोन्ही वर्ग परस्परविलग, म्हणजे एकच पीक दोन्हींत असू शकत नाही असे, घोषित केल्यावर विसंगती लगेच समोर आली आणि ते शेत मी आंतरपिकाच्या वर्गात नोंदवले.