म्हादईच्या खोऱ्यात सायकलवर तीन दिवस: जुने गोवे, वाळपई, चोर्ला

नकाशावरचे आकडे बघून या फेरीला हलकं समजू नका. पहिला दिवस चाळीसेक किलोमीटरचा, शेवटचा पन्नाशीच्या थोडा वर. कस लागतो मधल्या दिवशी, चोर्ला घाटात, आणि तोही चढावर कमी, उतारावर जास्त. प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेल्या सुट्टीत आठजणांचा गट जाऊन आला. हा हंगाम चांगला: सकाळी गारवा, रस्ते कोरडे. मात्र धबधबे बघायचेत तर पावसाळ्यानंतर लगेच या, जानेवारीत नुसते कातळ दिसतात.

सुरुवात जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून. फेरीबोटीची लोखंडी फळी ओली असते, भरती-ओहोटीप्रमाणे तिचा उतारही बदलतो. सायकलवरून उतरा आणि ती हातात धरून चढवा. दिवाडी बेट पार करून दुसऱ्या फेरीबोटीने नार्वे. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडीवर होतं, पोर्तुगीज काळात देव नदीपलीकडे नेला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. म्हणजे आपण फेरीबोटीने देवाच्याच वाटेने जातो. पुढे मये, डिचोली, साखळी, वाळपई. डिचोली-साखळी पट्ट्यात लाल धूळ. पातळ तेलात ती मिसळली की सायकलच्या साखळीवर पॉलिशपेपरसारखा चिखल बसतो, म्हणून मेणाचं वंगण वापरा आणि रोज संध्याकाळी साखळी फडक्याने कोरडी पुसा.

आता चोर्ला. आदल्या रात्रीच मागच्या सगळ्यात मोठ्या दातेरी चक्रावर गिअर टाकून बघा. टेम्पोतून सायकली आणताना मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे ती जिला टांगलेली असते ती पट्टी, हमखास वाकतो, आणि सपाटीवर ते कळत नाही. कळतं ते केरीच्या पुढे, चढाला हलका गिअर टाकताच डिरेलर आऱ्यांत शिरतो तेव्हा. मग सायकल तिथेच संपली. सायकलच्या मॉडेलप्रमाणे हँगर वेगळा असतो, त्यामुळे 'गटात एक जादा आहे' याला अर्थ नाही, ज्याचा त्याने बाळगावा. टेम्पोत सायकल आडवी ठेवलीच तर साखळीची बाजू वर.

वाळपईहून उजाडताच निघा, अंजुणे धरण उजेडात दिसतं आणि गाड्यांची रांग लागायच्या आत निम्मा घाट होतो. पुढे ३४ आणि मागे ३४ दाते असले तर बसून चढता येतं. माणशी ७५० मिलीच्या दोन बाटल्या केरीतच भरा, घाटात दुकानाच्या भरवशावर राहू नका. मोबाइलला रेंज नसते, म्हणून थांबायची वळणं खालीच ठरवून घ्या.

घाटातून वाळपईला परत उतरताना ब्रेक सतत दाबून धरला की डिस्क तापते, पॅडवर काचेसारखा थर चढतो, आणि हायड्रॉलिक असेल तर लिव्हर मुठीपर्यंत येऊ लागतो. रिम ब्रेकवाल्यांची रिम तापून ट्यूब फुटते. वळणाआधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोरात दाबा, वेग पाडा, मग पूर्ण सोडा. दोन-तीन किलोमीटरला थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. दोन सायकलींत पाच-सहा सेकंदांचं अंतर, आणि शेवटी तोच, ज्याच्याकडे पंप आहे. ३५ मिलिमीटरच्या टायरला साधारण ५५ पीएसआय हवेचा दाब पुरेसा. हवा ठासून भरली तर खडीवर टायर उड्या मारतो.

घाटात अंधार पडू देऊ नका. गवे रस्त्यावर येतात आणि हटत नाहीत. घंटी वाजवून तर मुळीच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ब्रह्मकरमळीचं देऊळ करून गुळेली, गांजे, उसगाव, फोंडा. गांजेपर्यंत म्हादई सोबतीला असते, या वाटेतला तोच निवांत भाग. फोंड्यानंतर बाणस्तारीमार्गे जुने गोवे हा महामार्ग, एकामागे एक चला आणि दिवसाही मागचा लाल दिवा लावा. दुपारी ऊन तापतं, त्यामुळे उसगावातच पाव-भाजी खाऊन घ्या, फोंड्यातल्या गर्दीत सायकली उभ्या करायला जागा मिळत नाही.