संक्रांतीची शेंगदाणा चिक्की

चिक्की दातांना चिकटली की सगळे गुळाला नावं ठेवतात. बहुतेक वेळा गूळ चांगलाच असतो, पाक कच्चा उतरवलेला असतो. संक्रांत जवळ आली की भाच्या-पुतण्या फोन करून प्रमाण विचारतात, म्हणून ते आधी सांगून टाकते: पाव किलो दाणे, २०० ग्रॅम गूळ, चमचाभर तूप, चिमूटभर खायचा सोडा. गूळ साधा घ्यावा. चिक्कीचा गूळ मी तिळाच्या लाडवांसाठी ठेवते. त्याने वडी कडक होते आणि मला खुसखुशीत आवडते.

दाण्यांना आमच्या अमळनेरकडे तोटा नाही. खरिपाचा भुईमूग असतोच, पाणी असलेल्या शेतात उन्हाळीही निघतो. १९४५ साली इथे तेल-वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली, हे बाहेरच्यांना सांगितलं की खरं वाटत नाही. असो. दाणे लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायचे. चिमटीत चोळल्यावर साल सुटलं आणि आतून दाणा बदामी दिसला की लगेच परातीत काढायचे. गरम कढईत राहिले तर गॅस बंद करूनही करपतात. चोळून सुपात पाखडायचे. पाकळ्या सुटल्या तर उत्तमच, चिक्की पातळ लाटता येते.

आता पाक. तूप, चिरलेला गूळ आणि चमचाभर पाणी, बस. आमची मोठी माय कढईकडे बघायचीच नाही, वाटीकडे बघायची. "पानीमा टाकी देख," म्हणायची. थंड पाण्यात थेंब टाकला की आधी तो पसरतो. मग त्याची मऊ गोळी होते, तो लाडवाचा पाक. पुढे गोळी घट्ट होते पण दाबली की वाकते. इथेच लोक घाई करतात आणि चिक्की दाताला चिकटते. थोडं थांबलं की थेंब पाण्यात घट्ट होतो, वाटीवर आपटला तर टण् वाजतो आणि बोटांत धरून मोडला तर कट्‌कन तुटतो. तो चिक्कीचा पाक. तेव्हा तो साधारण १५० अंशांवर असतो, पाणी जवळजवळ सगळं उडालेलं असतं, म्हणून गार झाल्यावर काचेसारखा फुटतो. ह्या टप्प्यावर आच अगदी बारीक हवी, कारण पुढे लगेच कडू होतो.

सोडा घातला की पाक फसफसून वर येतो, रंग उजळतो. ते बुडबुडे आत राहतात, त्यानेच खुसखुशीतपणा येतो. दाणे कोमटच घालायचे. गार दाणे पडले की पाक जागीच आवळतो. तूप लावलेल्या पोळपाटावर ओतून भराभर लाटायचं आणि गरम असतानाच सुरीने रेघा मारायच्या.

आमच्याकडची थंडी कोरडी, म्हणून पौषात केलेली चिक्की घट्ट झाकणाच्या डब्यात छान राहते. पावसाळ्यात मी करतच नाही. हवेतला ओलावा ती ओढून घेते आणि दोन दिवसांत वर चिकटा येतो.

कढई खरवडत बसू नका. त्यात पाणी घालून उकळी आणा, चिकटलेला गूळ सुटतो. तेच पाणी गाळून त्यात आलं आणि चहापत्ती टाकते मी. तो चहा बिनदुधाचाच प्यायचा.