मसाई पठारावर वनस्पतींची नोंद: 'सपाटच तर आहे' यावर जाऊ नका

'पठार सपाट आहे, १० चौकटी दोन तासांत उरकतात' असं सांगून पाठवतात. चौकट म्हणजे १ मीटर बाय १ मीटरची जागा, तिच्यातल्या वनस्पती नोंदायच्या. साफ चुकीचं. एका चौकटीला २५ मिनिटं धरा. चालणं मिळवून दोघांचा अख्खा दिवस जातो.

पन्हाळ्यातून गाडी करताना 'पठारापर्यंत' एवढ्यावर सौदा करू नका. पठाराचे टप्पे बरेच आहेत. अलीकडच्या टोकाला उतरवून पुढचे पैसे वेगळे मागितले जातात, थांबण्याचे आणखी वेगळे. कुठल्या टप्प्यापर्यंत, किती तास, परतीसह एकूण किती, हे निघण्याआधी ठरवा.

खरा घात ओल्या कातळावर होतो. जांभ्यावर बोटभर पाणी आणि खाली काळं शेवाळ. गुळगुळीत तळाचे गमबूट तिथे ठरतच नाहीत. पाय आपोआप कडेच्या मऊ गवताकडे वळतो आणि नेमकी तिथेच सीतेची आसवं, गेंद, कीटक खाणारा दवबिंदू अशी इवली फुलझाडं असतात. घसरायची भीती वाटली तरी उघड्या कातळावरूनच चाला, पाऊल पूर्ण टेकवून, एकामागोमाग. हा टप्पा सकाळी, पाय ताजे असतानाच उरका. थकल्यावर तिथे जाणं म्हणजे झाडंही तुडवणं आणि गुडघेही फोडून घेणं.

चौकटीसाठी अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे १ मीटरचे ४ तुकडे आणि ४ एल्बो. सोल्यूशन लावू नका, म्हणजे खोलून नेता येते. पाइपवर दर १० सेंमीला खूण करा. १० बाय १० सेंमीचा चौरस म्हणजे बरोबर १ टक्का, त्यामुळे कुणी किती जागा व्यापली हे अंदाजपंचे लिहावं लागत नाही.

फोनचं जीपीएस ५-१० मीटर सहज चुकतं. पुढच्या वर्षी तीच चौकट त्यावर सापडणार नाही. एखाद्या न हलणाऱ्या खडकापासून होकायंत्राची दिशा आणि टेपने अंतर लिहा. खुणेसाठी खडकाला रंग मारू नका, २०२२ पासून हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे.

नुसत्या फुलाचा फोटो कुचकामी. सीतेच्या आसवांचा फोटो बाजूने घ्या, फुलामागची शेपटी दिसली पाहिजे. कावळा या फुलझाडाच्या निदलांवरच्या (फुलाखालच्या हिरव्या पाकळ्यांवरच्या) शिरा आणि राठ केस टिपा. गेंदाची जात बहुधा बियांवरून, तीही सूक्ष्मदर्शकाखाली ठरते. फोटोवरून नाव ठोकू नका, 'एरिओकॉलॉन' (सगळ्या गेंदांचं शास्त्रीय नाव) एवढंच लिहा. दवबिंदूच्या पानावर चिकटलेलं चिलट भिंगातून दिसलं की थकवा कुठल्या कुठे पळतो, पण चौकटीत मिळाला नाही तर शून्य लिहायचं विसरू नका. रिकामी जागा म्हणजे 'नव्हता' की 'बघितलाच नाही', हे नंतर कळत नाही.

दरवर्षी तोच पंधरवडा पकडा, सप्टेंबरचा पहिला उत्तम. एकदा ऑगस्टात, एकदा ऑक्टोबरात गेलात तर पाणी आटल्याने दिसेनाशी झालेली आसवं 'घट' म्हणून नोंदली जातील.

कंदीलपुष्प सापडलं तर नेमकं ठिकाण कुठेही जाहीर करू नका. त्याचा कंद उकरून नेतात. नोंदी शिसपेन्सिलीनेच, ओल्या बोटांना फोन दाद देत नाही. आणि धुकं उतरू लागलं की चौकट अर्धी असली तरी टेप गुंडाळा.